मिठाच्या पाण्याबरोबर घ्यायच्या गोळ्या

अब्बा,

आज दुपारी ओलाया भागातल्या आमच्या ऑफिसच्या एका चिनी इंजिनियरला विमानतळावर सोडलं आणि मागच्या सीटवर त्याची डबी राहिलेली दिसली. झाकण उघडलं. त्याच काळ्या, मधात वळलेल्या, वाटाण्याएवढ्या गोळ्या, तोच दालचिनीचा वास. नऊ वर्षं झाली तुम्हाला जाऊन, तरी माझं डोकं असं फिरलं की गाडी बाजूला लावावी लागली. स्टिअरिंगवर कागद ठेवून लिहितोय. मला तुमच्यावर ओरडायचंय, आणि तुम्ही मध्येच 'आवाज खाली' म्हणू शकत नाही, एवढं एक बरं आहे.

जेद्दात जून महिन्यात लोकरीचे मोजे घालणारा एकच माणूस होता, तो तुम्ही. अझीझियातल्या मोबाइलच्या दुकानात एसी लागला की तुमचे पाय बर्फ व्हायचे, कंबर धरायची, दर तासाला 'आलोच' म्हणून बाथरूमकडे पळायचात. खोलीतले रत्नागिरीवाले चिडवायचे, "काय चाचा, सिमल्याचं तिकीट काढलंत काय?" मग तुम्ही मशिदीत ओळख झालेल्या त्या म्हाताऱ्या चिनी हकिमाकडे गेलात. त्यानं जीभ बघितली, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवली आणि मोडक्या अरबीत सांगितलं, मूत्रपिंडातली ऊब गेलीय. चुलीत विस्तवच नाही तर वरच्या भांड्यातलं पाणी तापणार कसं? हे तुम्हाला इतकं पटलं! रोज पहाटे फजरची नमाज झाली की तुम्ही स्वयंपाकघरात उभे. कपभर कोमट पाणी आणि त्यात चिमूटभर मीठ, कारण मीठ औषधाला मूत्रपिंडापर्यंत नेतं म्हणे. चिमूट हकिमाची होती. तुमची चिमूट म्हणजे सुक्या मासळीला मीठ लावणाऱ्या घरातली, पाव चमच्याच्या खाली कधी गेली नाही. वर गुण लवकर यावा म्हणून दिवसातून दोनदा सांगितलेलं चारदा केलंत. "दालचिनी आहे रे यात, आपलीच," असं म्हणून गोळी माझ्या नाकाला लावायचात, जणू तुमच्याच परसात पिकली होती.

मी तेव्हा इंजिनियरिंगचं दुसरं वर्ष अर्ध्यात टाकून आलो होतो. कारण तुम्हाला ठाऊक होतं. मला जिच्याशी लग्न करायचं होतं, तिच्या बापानं सांगितलं होतं, मुलगा सौदीत लागला तर बोलणी करू, नाहीतर दुसरं स्थळ तयार आहे. विमानतळावरून तुम्हीच मला खोलीवर आणलंत. बॅग खाली ठेवली आणि सुरू झालात. "पोरीसाठी कॉलेज सोडलंस? गाढवसुद्धा ओझं अर्ध्या वाटेत टाकत नाही." मीही कमी नव्हतो. म्हणालो, "गाढवाला कुणी आवडत नसेल." कानाखाली बसली. आणि दुसऱ्या दिवशी तुम्हीच तिच्यासाठी अत्तराची बाटली घेऊन आलात. "अम्माच्या हातून पाठव. टपोरीसारखं थेट नको."

मग नियम आला, मोबाइलच्या दुकानांत काउंटरवर आता फक्त सौदी. बावीस वर्षं तुम्ही त्या काउंटरमागे उभे होता. आपले व्हिसे ज्याच्या हातात होते तो कफील म्हणाला, गोदामात खोकी उचलशील तर राहा, नाहीतर खुरूज, कायमचं घरी. मला त्यानं ड्रायव्हर केलं, तेही तुमच्या शब्दाखातर. "तुझा बाप आहे तोवर तू आहेस," असं माझ्या तोंडावर सांगून. तुम्ही खोकी उचलायला लागलात. संध्याकाळी मोजे काढलेत की पोटरीत इलॅस्टिकचा खोल वळ दिसायचा, सकाळी डोळ्यांखाली सूज. मी म्हणायचो, हॉस्पिटलात चला. तुमचं ठरलेलं उत्तर. "डॉक्टर कागदावर लिहितो. कागद कफीलच्या हातात जातो. खलास! गोळ्यांना कागद लागत नाही."

गोदामातच कोसळलात. डॉक्टरबाई साताऱ्याकडच्या निघाल्या. रिपोर्ट बघून मराठीतच माझ्या अंगावर आल्या, "एवढं ब्लडप्रेशर, आणि रोज चार वेळा मिठाचं पाणी? घरात कुणाला अक्कल नाही?" मी डबी पुढे केली. त्या म्हणाल्या, अशा गोळ्यांत बचनागही घालतात, विष उतरवून शुद्ध केलेला, पण तोही मोजूनच घ्यायचा. अकराव्या दिवशी तुम्ही गेलात. मी विचारलं, गोळ्यांनीच ना? "सगळं गोळ्यांवर ढकलू नकोस," त्या म्हणाल्या. "मिठानं भर घातली, पण किडन्या कधीपासून जात होत्या. वेळेवर आणलं असतंस तर डायलिसिसवर जगले असते रे."

मला ते ऐकायचं नव्हतं. मला मारायला एक माणूस हवा होता. दफन उरकून सरळ हकिमाकडे गेलो आणि त्याची एक बरणी उचलून जमिनीवर आपटली. तो जागचा उठलासुद्धा नाही. म्हणाला, "मी दर डबीला सांगितलं, आधी रक्त तपासून ये. तो म्हणाला, तपासलं, सगळं साफ आहे." खोटं बोललात तुम्ही, अब्बा! पाच वेळा नमाज पढणारा माणूस, त्या म्हाताऱ्याच्या बोटांत मनगट देऊन खोटं बोललात. आणि मला मात्र फोनवर तिला 'जेवलो' म्हणून सांगितलं तरी झापायचात, "खोटं बोलून संसार होत नाही."

तिचा संसार झाला, पण दुसऱ्याशी. तुमचा चाळिसावा दिवस व्हायच्या आत तिच्या घरच्यांचा निरोप आला, बापच गेला, आता पोराचं तिथे काय खरं? ती खफजीला असते, नवरा समुद्रातल्या तेलाच्या कामावर. एकदा अख्खा शुक्रवार घालवून तिथवर गाडी नेली, समुद्र बघितला आणि परत आलो. हसा.

हा कागद कुणाला दाखवायचा नाही, निघताना फाडीन. म्हणून एक लिहून टाकतो, जे अम्माला सांगितलं नाही आणि डॉक्टरबाईंनाही नाही. शेवटच्या महिन्यात एकदा जिना चढताना तुम्ही मध्येच बसलात आणि म्हणालात, "तुझं लग्न होऊ दे, मग तपासून घेतो. आत्ता मला परत पाठवलं तर तुझं मोडेल." मी तुम्हाला खांद्यावर टाकून न्यायला हवं होतं. भांडायला हवं होतं. भांडता तर मला येतंच. मी तुमच्या शेजारी पायरीवर बसलो आणि विचारलं, "मग त्यांना ईदच्या आधीची तारीख धरायला सांगू का?"