मिठानं आणलेला गंज

बाबा, तुमची जीप मी खराब केली. खरी नव्हे. ती तुम्हीच डोळे अधू झाल्यावर विकलीत, घेणारा ती डोंगरकडा गावाला घेऊन गेला आणि पुढं तिचं काय झालं ते आम्हाला कळलं नाही. मी म्हणतोय ती वीतभर लांबीची, प्लॅस्टिकची, मी माझ्या हातानं जुळवलेली. तुम्ही गेल्यानंतर तुम्हाला सांगण्यासारखं चांगलंही बरंच घडलं. मला हिंगोलीत नोकरी लागली, घर झालं, माय माझ्याजवळ असते. त्यातलं काही कधी लिहावंसं वाटलं नाही. लिहायला बसलो तो हे सांगायला.

हा नाद मुळात तुम्हीच लावलात, तेव्हा थोडा दोष तुमच्याही पदरात टाकतो. तुम्ही लग्नाचं भाडं घेऊन नांदेडला गेला होता आणि येताना माझ्यासाठी एक खोका आणला होता, वर झकपक लाल मोटारीचं चित्र असलेला. घरी उघडला तर आत मोटार नाहीच, नुसते तुकडे, प्लॅस्टिकच्या काड्यांना चिकटलेले. तुमचा चेहरा पडला. "फसवलं की रे त्यानं. मोडकी गाडी घातली खोक्यात," असं म्हणून तुम्ही तो परत बांधायला घेतलात, पुढच्या खेपेला दुकानदाराच्या तोंडावर मारणार होता. तेवढ्यात मला तळाशी घडी केलेला कागद सापडला. कुठला तुकडा कुठं बसतो त्याची चित्रं त्यावर होती. तुम्ही आधी स्वतःलाच हसलात, मग साबणानं हात धुऊन आलात आणि आपण दोघं मायच्या चुलीशेजारी बसलो. चिकटवायला काही नव्हतं म्हणून तुम्ही जीपमधलं पंक्चरचं सोल्यूशन काढलंत. त्यानं चारही चाकं अशी काही चिकटली की ती गाडी कधी फिरलीच नाही. भाकरी थापता थापता माय म्हणाली, "बराबर हाय. आता पळून तरी जायची न्हाई."

आणि तुमची खरी जीप. अजून दिसतं मला. सकाळ आहे, सेनगावच्या पहिल्या खेपेला वेळ आहे, आणि तुम्ही स्टँडमागच्या हापशावर बादल्या भरताय. मायच्या जुन्या लुगड्याचा तुकडा पिळून तुम्ही आधी काच पुसता, मग बॉनेट, मग खाली वाकून चाकांच्या आतली काळी माती बोटांनी उकरून काढता. बाकीचे ड्रायव्हर चहा पीत टिंगल करतात, "झाली का नवरीची अंघोळ?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "झाली. तुमी तुमची म्हैस कवा धुता?" बाजाराच्या दिवशी तुम्हीही माणसं कोंबत होतात, ते लपवत नाही. पुढं इतके बसायचे की तुमची अर्धी मांडी दाराबाहेर असायची. पण मागं लटकवून कधी कुणाला नेलं नाहीत. "हात सुटला तं कोणाच्या दारात जाऊन काय सांगू मी?" म्हणायचात आणि हातचं गिऱ्हाईक दुसऱ्या जीपला द्यायचात. एकदा पेरू खाऊन मी चिकट हात बॉनेटला पुसले, तेव्हा तुम्ही मारलं नाहीत, ओला कपडा माझ्या हातात दिलात. "पूस ते. लोकं गाडीत बसायला येऊन राहिलीत, गोठ्यात न्हाई." मी पुसलं, आणि तुम्ही परत एकदा पुसलंत.

आता मी काय केलं ते सांगतो. नोकरी लागल्यावर पुण्याहून अशी जुळवायच्या गाड्यांची किटं मागवायला लागलो. लोक काहीही म्हणोत, संध्याकाळी ऑफिसातून आलो की चिमटा आणि ब्रश घेऊन बसतो. औरंगाबादला या नादाच्या लोकांचं प्रदर्शन भरतं. तिथं मी दोनदा गेलो, आरशासारख्या चकचकीत गाड्या घेऊन, आणि कुणी धड थांबून बघितलं नाही. गर्दी असायची ती जुनाट, गंजक्या, चिखलानं भरलेल्या गाड्यांपुढं. त्यातलाच एक जाणकार मला म्हणाला, "तुमच्या भागातलं काहीतरी करा की. ती खचाखच भरलेली काळी-पिवळी जीप. लोक वेडे होतील." मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, मी हुरळलो.

परदेशी लष्करी जीपचं किट घेतलं, मधोमध कापलं, पट्ट्या चिकटवून लांब केलं, तारेचा कॅरियर केला. इथवर ती तुमचीच होती, बाबा, खरंच. काळा-पिवळा रंग द्यायच्या आधी मी स्वयंपाकघरात जाऊन मायला मीठ मागितलं. आमच्या या नादात ही एक युक्ती आहे. खाली तपकिरी रंग द्यायचा, त्यावर ओल्यात मिठाचे खडे पेरायचे, वरून खरा रंग मारायचा. वाळल्यावर मीठ घासून काढलं की तिथं तिथं पापुद्रे उडून गंज दिसतो. माय म्हणाली, "काहून रे, मीठ कशाला?" मी म्हणालो, "बाबांची जीप करून राहिलो." तिनं मूठभर मीठ वाटीत दिलं, वर पुन्हा चिमूटभर घातलं. मग मी सेनगावच्या शिवारातली काळी माती चाळून दारांना फासली. एक दिवा फोडला. मागं माणसं लटकवली, एकाचा पाय हवेत. कॅरियरवर एक बकरी बांधली. आणि पुढं पाटी ठेवली, "माझ्या वडिलांची जीप".

बक्षीस मिळालं. लोक वाकून वाकून बघत होते, एकमेकांना ती बकरी दाखवून हसत होते. मीही त्यांच्याबरोबर हसलो. कुणी विचारलं, "खरंच अशी होती?" मी म्हणालो, "याहून वाईट." हे शब्द माझ्या तोंडून गेले, बाबा, आणि जाताना कुठं अडले नाहीत.

घरी आल्यावर मायपुढं खोका उघडला. तिनं चष्मा लावला, जीप मांडीवर घेतली आणि जरा वेळानं पदराचं टोक ओलं करून दार पुसायला लागली. तिला वाटलं, प्रवासात धुळीनं घाण झाली. एक दार पुसलं, दुसरं पुसलं. "निघंना की रे हे." मग तिच्या ध्यानात आलं. "तू लावलंस व्हय हे?"

"व्हय."

"काहून?"

"लोकायला असंच आवडतं, माय."

तिनं लटकणाऱ्या माणसांवरून बोट फिरवलं. म्हणाली, "लोकायनं तुझ्या बाबांना कुठं बघितलं? आपण बघितलं ना." रागावली असती तर मी भांडलो असतो. ती उठली आणि भाजी निवडायला बसली. मला तिथं बसवेना आणि उठवेनाही. अशी लाज मला आजवर वाटली नव्हती.

रंग काढता येतो. ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवली की सगळा रंग सुटतो, गंजासकट, आणि प्लॅस्टिकला काही होत नाही. मग ती हवी तशी नव्यानं रंगवता येते. ऑइलची बाटली मी दुसऱ्याच दिवशी आणली. पण प्रदर्शनवाल्यांचा फोन आला, पुण्याला मोठं प्रदर्शन आहे, तीच गाडी हवी, आहे तशी, बकरीसकट. मी हो म्हणालो. बाटली अजून तशीच बंद आहे.

तुम्हाला हे वाचता आलं असतं तर मी लिहिलंच नसतं, जीप कपाटात दडवून तुमच्यापुढं गप्पा मारत बसलो असतो. मायला सांगितलंय, जीप ऑइलमध्ये धुवायला टाकलीय. ती रोज विचारते, "निघालं का रे?" मी म्हणतो, "निघून राहिलं, माय, हळूहळू."