न दिसणाऱ्या दाण्यापायी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा नमस्कार. गुडघा कसा आहे? (जिना चढू नकोस म्हटलं तरी तू चढणारच, तेव्हा पुढे काही बोलत नाही.) भावोजींचा खोकला उतरला असेल. आम्ही बरे आहोत.

तू लिहिलं होतंस, पोरीच्या कामावर जाऊन ये, ती नक्की काय करते ते डोळ्यांनी बघ आणि काम आटपून महिनाअखेर तिला घरी पाठव, भावोजींनी नोकरी बघून ठेवलीय. गेले तिच्या प्रयोगशाळेत. डोळ्यांनी बघण्यासारखं तिथे काही नाही. तुझी लेक ज्या दाण्यांच्या मागे लागलीय ते इतके बारीक, की तिलाही दिसत नाहीत. काचेच्या तुकड्यावर त्यांचा थर देतात, त्यावर किरण सोडतात, ते आपटून चहूकडे पसरतात, आणि कुठे किती गेले त्याची एक वाकडी रेघ येते. एवढ्यावरून दाण्याचा आकार ओळखायचा. मग ही बया कॉम्प्युटरमध्ये खोटे दाणे रचते, त्यांच्यावर खोटे किरण सोडते आणि खोटी रेघ खऱ्या रेघेवर बसेपर्यंत सगळं मोडून पुन्हा मांडते. (लहानपणी बाहुलीचं घर असंच मोडायची. तेव्हाच आपण सावध व्हायला हवं होतं.)

बसल्या बसल्या मला टेबलावर एक मळकी काच दिसली. रुमालाने पुसून लख्ख केली. तो मळ म्हणजेच तो थर होता. सगळे माझ्या रुमालाकडे असे बघत राहिले, जणू मी कुणाचं नाव पुसलं. मापं आधीच घेऊन झाली होती म्हणून वाचले. रुमाल मात्र त्यांनी ठेवून घेतला.

तेवढ्यात रेघ रेघेवर बसली. गोल दाणा. तिचे सर म्हणाले, छान, लिहून टाक, संपलं. मी पिशवी उचलली. तर ही म्हणते, “थांब मावशी, चपटे घालून बघते.” चपट्यांचीही रेघ तशीच बसली. मी म्हटलं, “अगं, गोल काय वाईट आहे? गोल लिही आणि चल.”

“दोन्ही बसतात म्हणजे मला अजून कळलेलंच नाही.”

सर म्हणाले, कुणी विचारणार नाही. ही म्हणाली, “मी विचारतेय ना.” आता नव्या काचा, नवी मापं, आणखी एक वर्ष. (हातावेगळं झालेलं काम पुन्हा गळ्यात घेणारी माणसं मला सोसत नाहीत.) घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. तीही बोलली नाही, पण ती दाण्यांचा विचार करत होती, माझा राग तिला दिसलाच नाही. असली हट्टी पोर तुलाच लखलाभ.

तुझी,
धाकटी

ता. क. तिला इथेच राहू दे. वर्षभर माझ्याकडे राहील, जेवेल, पसारा घालेल. खोटं लिहून सुटता येत असताना जी सुटत नाही, तिला मी गाडीत कोंबणार नाही.

पुन्हा ता. क. आईची परवानगी आली, असं मी तिला कालच सांगून टाकलंय. रविवारी तिचा फोन येईल, तेव्हा हो म्हण आणि गप्प राहा. भावोजींना काय सांगायचं ते तू बघ. मोठ्यांच्या बोलण्यात मी पडत नाही.