दोन बाटल्या, एकच औषध

मंगळवार, १४ ऑक्टोबर. संध्याकाळ.

वांग्यातली अळी आजही जिवंत हाय. चिरलं तर आत वळवळून राह्यली, सालीले औषधाचा वास हाय तरी. उद्या बाजारात काय नेऊ? अन् फवाऱ्याचा पंप मी नाल्यात धुतला, तर तिथले झिंगे सारे मरून वर आले. त्यायनं माझं काय बिघडवलं होतं?

दुकानवाला गजू माझा मानलेला भाऊ, दरसाल राखी बांधतो मी त्याले. "जुनं औषध अळीले पचलं ताई, हे नवीन ने. एक झाकण जास्तच टाकजो," म्हणे. मी दोन झाकणं जास्त टाकली. भावानं सांगितलं न!

आज जुनी बाटली शोधली. वरचं नाव वेगळं, पण खालची बारीक अक्षरं बोट ठेवून एकेक जुळवली. औषध तेच! दोन्ही बाटल्या त्याच्यापुढं आदळल्या. तर हसला. म्हणे, "कंपनी वेगळी हाय न ताई. अन् तू कधीपासून वाचाले लागली?"

तिसरीपर्यंत शिकली मी, हळू वाचतो, पण वाचतो. म्हणजे मले वाचता येत नाई, याच भरवशावर तो मले ताई म्हणे.