माझ्या हातात काही नाही

१२ जानेवारी २०२५

आलं पुन्हा एक नाव! मेल उघडल्या उघडल्या अंबिका मागून म्हणाली, "यंदाचा बळी कोण?" बायको असावी तर अशी.

पण चुकीचं काय बोलली? तरुणपणी अमेरिकेत शिकलो, एवढ्या पुण्याईवर ते विद्यापीठ दरवर्षी मला इथल्या एका-दोघा पोरांची नावं धाडतं. भेटा, गप्पा मारा, मूल कसं वाटलं ते लिहून पाठवा. मी भेटतो, लिहितो. आणि मार्चअखेर सगळ्यांना नकार! संभाजीनगरातून आजवर माझ्याकडं आलेल्या एकाचाही नंबर लागलेला नाही. शंभरातले तीन-चार घेतात ते, तेही अख्ख्या जगातून. पूर्ण खर्च मागणारं मूल असेल तर आणखी कमी. आणि माझं लिहिणं म्हणजे भाजीवरची कोथिंबीर. निवड करणारे वेगळेच, तिकडं बसलेले. मी त्यांना पाहिलेलंही नाही.

यंदाचं नाव कावेरी. फुलंब्रीची. वडील पुंजाराम, शेती. बारावीला आहे, इथंच शहरात, रोज एसटीनं येऊन-जाऊन. पूर्ण खर्च हवा. झालं! चान्स विचारूच नका.

१९ जानेवारी, रविवार

एकटीला बोलावलं होतं, क्रांती चौकाजवळच्या हॉटेलात. आली बोलेरो! पोरगी, पुंजाराम, चुलता आप्पासाहेब — पांढरे कडक कपडे, दोन मोबाईल — आणि आणखी दोघं. ते कोण, शेवटपर्यंत कळलं नाही. सगळ्यांना पलीकडच्या टेबलावर बसवलं, इडल्या मागवून दिल्या. तरी आप्पासाहेबांची मान आमच्याकडंच.

पोरीचं इंग्रजी अडखळतं. घामाघूम झाली. म्हटलं, बाई, मराठीत बोल. तर म्हणते, "नाय सर, इंग्रजीतच. तिथं तुम्ही येणार हैत का समजावून सांगायला?" चहा नाकात गेला माझ्या!

मग विचारलं, रिकाम्या वेळात काय करतेस? याची उत्तरं मला पाठ आहेत. वाचन, समाजसेवा, रोबो. ही म्हणाली, मामाच्या गावी वेरूळला जाते. लेण्यात चुका शोधायला.

कसल्या चुका गं? तर म्हणे, कैलास वरून खाली कोरत आणला. छिन्नी चुकली तर दगड परत चिकटवता येत नाही. एवढी माणसं, एवढी वर्षं, कुणाचाच हात चुकला नसंल? चुकलाच असणार. मग त्यांनी तो सावरला कसा? कुठं एखादी वेल जास्तीची काढली, कुठं कडा जरा आत घेतली, तेच ती हुडकत हिंडते. "बरोबर कोरलेलं बघून मला काय कळत नाय सर. चुकून सावरलेलं दिसलं की तिथं माणूस दिसतो."

मी इथलाच. आल्या-गेल्या पाहुण्यांना कैलास दाखवून दाखवून बेजार झालेला. हे कधी डोक्यातसुद्धा आलं नाही! तासाभराचं बोलणं जेवणवेळ टळेपर्यंत चाललं. पलीकडच्या टेबलावर इडल्यांची तिसरी खेप झाली होती.

२० जानेवारी

रिपोर्ट पाठवला. इतक्या वर्षांत असा लिहिला नव्हता. एरवी माझा हात आखडता. चांगली आहे, मेहनती आहे, इत्यादी. आज सरळ लिहिलं — हिला घेतलं नाही तर नुकसान तुमचं आहे. इंग्रजी सहा महिन्यांत येईल, ही नजर साठ वर्षांत येत नाही.

पाठवल्यावर वाटलं, जास्त तर झालं नाही? नसेल झालं.

तरी चान्स किती? फार तर शंभरात पाच. त्याच्या वर जीभ रेटत नाही.

२४ जानेवारी

दारात आप्पासाहेब. हुरड्याची पिशवी, सोबत गूळ, तिळाची चटणी. "रानातलं हाय साहेब, इकतचं नाय." मी म्हटलं, आप्पासाहेब, हे असलं चालत नाही. निवड मी करत नाही. माझ्या हातात काही नाही!

हसले. मान डोलावली. "समजलं साहेब."

काय समजलं? पिशवी परत घ्या म्हटलं, तर हो हो म्हणत फाटकाला अडकवून गेले.

अंबिका पोट धरून हसली. "अहो, तुमचे वडील तहसिलीत होते ना? आपल्याकडं साहेब 'माझ्या हातात काही नाही' म्हणाला म्हणजे काय, एवढंही माहीत नाही? म्हणजे हातात आहे, पण एवढ्यावर भागणार नाही!"

कमाल आहे! यांच्या लेखी मुलाखत घेणारा म्हणजेच नेमणारा. बाकी सगळं देखाव्यापुरतं. आणि खरं सांगू, त्यांचं तरी काय चुकलं? आजवर त्यांनी पाहिलेल्या सगळ्या मुलाखती तशाच होत्या.

हुरडा गोड होता. खाल्ला. काय करणार, शिळा होतो.

२ फेब्रुवारी

अद्रक! अर्धं पोतं! मी माझ्या कारखान्यावर असताना टाकून गेले. पुंजारामला फोन करून ओरडलो. तो बिचारा इतका हळू बोलतो — "चुकलं साहेब. मोसंबी पाठवू का मग?"

अंबिका कॉलनीभर अद्रक वाटत हिंडते आहे.

९ फेब्रुवारी

मोसंबी.

१६ फेब्रुवारी

कावेरीचा फोन. "सर, घरच्यांशी भांडले मी. आता कायबी सामान येणार नाय तुमच्याकडं. लाज गेली माझी." आवाज ताडताड. मला बरं वाटलं.

मग म्हणाली, "माझा चान्स किती? गोड बोलू नका."

खोटा धीर द्यायची सवय आहे मला. बघू, होईल, प्रयत्न महत्त्वाचा! आज नाही जमलं. सांगितलं, शंभरात पाच.

मग म्हणाली — "म्हणजे नाय लागलं तर ते काय माझ्यात खोट हाय म्हणून नाय."

अजिबात नाही.

"आन लागलं तर ते माझंच असंल ना?"

म्हटलं, अर्थात! दुसऱ्या कुणाचं? हसली. नाहीतर इथंच बी.एस्सी. करीन म्हणाली, एसटीच्या पासची सवय आहेच.

ठेवला फोन आणि दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. शंभरात पाच. कोवळ्या पोरीला तोंडावर सांगितलं. देवा, एकदा तरी माझा अंदाज चुकू दे.

२८ मार्च

लागलं!!!

सकाळी तिचा फोन. नुसतंच "सर... सर..." मी म्हटलं, नाही झालं ना? असू दे बाळा. तर मागून पुंजाराम ओरडला, "झालं ओ साहेब, झालं!" पूर्ण खर्चासकट! मी कारखान्यात मशिनांच्या आवाजात उभा राहून रडलो. कामगार म्हणाले, साहेबांच्या घरी कोण गेलं?

३० मार्च, पाडवा

फुलंब्रीला जेवायला बोलावलं होतं. हौसेनं गेलो. नवा झब्बा वगैरे.

चौकात फ्लेक्स. बघतो तर मी! पुतण्याच्या लग्नातला फेटा बांधलेला फोटो, फेसबुकवरून उचललेला, दरवाजाएवढा. 'फुलंब्रीच्या लेकीला अमेरिकेत पाठवणारे मा. वैजनाथराव साहेब यांचे जाहीर आभार.' शेजारी हात जोडलेले आप्पासाहेब. आणि कावेरी? खाली कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढी!

मी तिथंच तक्रार केली. चारचौघांत ओरडून सांगितलं, अहो, पोरीनं स्वतःच्या डोक्यानं मिळवलंय, माझ्या हातात काही नव्हतं! लोकांनी टाळ्या वाजवल्या. "मोठेपणा बघा साहेबांचा!" एक म्हातारा हात धरून म्हणाला, "साहेब, माझा नातूबी दहावीला हाय. ध्यान असू द्या."

पुरणपोळी वाढली. कावेरीनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. वर बघितलं नाही.

६ एप्रिल

आली. एकटी, एसटीनं. बसली आणि म्हणाली, "मी जाणार नाय सर."

अंबिका पाणी आणायला निघाली होती, तिथंच थांबली.

वर्गातल्या पोरी म्हणतात, तुझं बरंय बाई, तुझा साहेब होता. एसटीत कंडक्टरसुद्धा म्हणाला, वशिला लई मोठा लावला म्हणं! हे सगळं ती तोंड घट्ट करून सांगत होती. मग म्हणाली, "बाबा आईला सांगत व्हते, साहेबानं आपलं लेकरू तारलं. बाबाला वाटतच नाय सर, की हे मी केलं." आणि तिथं आवाज फुटला.

"आता मलाबी वाटंना. खरं सांगा. तुमच्या लिहिण्यानं झालं ना?"

नाही गं पोरी, म्हटलं. माझ्या हाता— आणि जीभ तिथंच अडकली! ते वाक्य माझ्या तोंडून आता कुणाला खरं वाटणार?

"वशिल्याची म्हणून चार वर्षं बसू का तिथं? त्यापरीस एसटी बरी." महिनाअखेरपर्यंत होकार कळवायचा आहे. कळवणार नाही म्हणते. चेहऱ्यावरून तरी ठाम दिसली.

रागही आला, वाईटही वाटलं. इतक्या वर्षांत एक दार उघडलं, आणि ते माझ्याच नावानं बंद होणार?

८ एप्रिल

अंबिका म्हणते, नीट समजावा. काय समजावू? मी जितकं नाही म्हणतो तितकं ते हो ठरतं. आणि एक किडा मलाही चावतो. मी लिहिलं त्यानं थोडं काही झालं असेल तर? असेलही. कोथिंबिरीएवढं. पण तिला सांगितलं की तिला तेवढी कोथिंबीरच दिसणार, भाजी दिसायची नाही.

फुलंब्रीचे आणखी दोन पालक येऊन बसले होते. मोसंबी घेऊन.

१० एप्रिल

बोलावून घेतलं तिला. सांगितलं — मी तुझ्या विरोधात लिहिलं होतं. इंग्रजी कच्चं आहे, झेपणार नाही, घेऊ नका. तुझ्या तोंडावर गोड बोललो आणि मागं हे लिहिलं.

तिचे डोळे असे पेटले! "जेवणाच्या वेळंपर्यंत बसवून घेतलं मला, आन हे लिहिलं?" हो म्हटलं. "लई खोटारडे हैत सर तुम्ही!" त्यालाही हो म्हटलं.

चहा तसाच टाकून उठली. दारापर्यंत गेली आणि वळली. "तरी घेतलं त्यांनी मला?"

तरी घेतलं.

फाटकाबाहेर पोरगी पळत सुटली.

संध्याकाळी पुंजारामचा फोन. आज साहेब म्हणाला नाही. हळूही बोलला नाही. "तुम्ही नको म्हणूनबी माझ्या लेकीनं मिळवलं!" म्हणाला, आणि फोन ठेवून दिला.