पितळी फुलपात्रं आणि शालूबाईचं घर

मी, नाथाजी धोंडीबा झांबरे, वय वर्षे सहासष्ट, निवृत्त मेस हवालदार, राहणार आष्टा, तालुका वाळवा, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवतो. बाकीचे लोक ‘शुद्धीवर’ हा शब्द वकिलाने सांगितला म्हणून लिहितात. मी तो विचार करून लिहिला आहे, कारण आपला बाप शुद्धीवर नसतोच असं माझी दोन्ही मुलं गावभर सांगत फिरतात. म्हणून सकाळी चहा घेऊन लिहायला बसलो आहे. दिवाळीपासून माझ्या घशाखाली दारूचा थेंब उतरलेला नाही. शालूबाईच्याही नाही. शालूबाई म्हणजे माझी बायको, आणि हा सगळा कागद तिच्यासाठी आहे.

मला आता दम लागतो. पायरी चढलो की बसावं लागतं. जगण्याचा कंटाळा आला आहे असं नाही, पण भांडायचा आला आहे. हे शेवटचं भांडण कागदावर करून मोकळा होतो.

एक. जमीन. मळ्यातली जमीन आणि विहीर पाच वर्षांपूर्वी दोन्ही मुलांना वाटून दिली आहे. थोरला जोतीराम फलटणला साखर कारखान्यात नोकरीला आहे, धाकटा अर्जुना इथे मळ्यात राहतो. त्या जमिनीवर माझा आता काही हक्क नाही व मी तो सांगत नाही. त्याच वाटणीत आम्हा नवराबायकोचीही वाटणी झाली. ही आमच्याकडची रीतच आहे, तिचं कुणाला काही वाटत नाही. म्हातारी थोरल्याच्या वाट्याला, म्हातारा धाकट्याच्या. पंच पानसुपारी खात बसले होते. बैलांचा विषय निघाला तेव्हा तेच म्हणाले, “जोडी फोडू नगा, जनावर खंगतं.” म्हणून बैलं दोन्ही अर्जुनाला गेली, आणि शालूबाई फलटणच्या एस.टी.त बसली.

दोन. घर. आष्टा गावात माझ्या पलटणीच्या पैशातून बांधलेले तीन खणांचे घर, पडवी व परसासह. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस परसाची भिंत, उत्तरेस बोळ, दक्षिणेस निवृत्त शिक्षक आप्पासाहेब मगदूम यांचे घर. हे वडिलार्जित नाही, माझ्या स्वकष्टाचे आहे. ते माझ्या पश्चात शालूबाई नाथाजी झांबरे हिने मालकीहक्काने उपभोगावे. तिने ते विकावे, ठेवावे, भाड्याने द्यावे, तिची मर्जी. मुलांनी वा त्यांच्या वारसांनी त्यावर हक्क सांगू नये.

आप्पासाहेबांच्या पन्हळीचं पाणी दर पावसाळ्यात माझ्या भिंतीवर पडतं. हे भांडण मी पुष्कळ वर्षं नेटाने चालवलं आहे. ते घराबरोबर शालूबाईकडे जाईल. तिने ते सोडू नये.

तीन. जिन आणि व्होडका. याविषयी सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण मुलांचा सगळा दावा याच्यावर उभा आहे.

वाटणीनंतर दोन वर्षं मी मळ्यात काढली. मग एक दिवस उठलो आणि फलटणला गेलो. शालूबाई जोतीरामच्या दारात तांदूळ निवडत बसली होती. मी म्हटलं, “चल.”

“कुठं?”

“आपल्या घरात.”

“पोरं काय म्हंतील?”

“म्हनू देत.”

तिने सूप तिथेच ठेवलं आणि पदर खोचला. वाटेत साताऱ्याला गाडी बदलताना म्हणाली, “दोन वर्सं कुनी मला इचारलं न्हाई, आमटीत मीठ बरूबर हाय का म्हून. मी खाल्ली आन उठले.” ही बाई लग्नाआधीपासून वासावरून फोडणी ओळखणारी. मला फार वाईट वाटलं. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

मी मेसमध्ये साहेब लोकांना पेग भरून देण्यात आयुष्य घालवलं. रम पलटणीची, पण माझं मन जिनवर. निवृत्त झाल्यावर दारूचा परवाना काढला, कोल्हापूरच्या लष्करी कँटीनमधून माझ्या कोट्यात जिन आणू लागलो. शालूबाईला घरी आणलं त्याच संध्याकाळी मी परसात बसून एक भरला आणि सहज तिच्यापुढे धरला. म्हटलं, “पिऊ नको. वास घे, आन सांग ह्यात काय हाय.”

तिने डोळे मिटून वास घेतला. म्हणाली, “धणं हायती. लिंबाची साल हाय. आन आवं, जोतिबाच्या दवण्यावानी कायतरी हाय.” मग ओठाला लावून बघितलं. मग म्हणाली, “आजून दावा.”

तेव्हापासून आमची ती रीतच पडली. दिवेलागणीला दोघे परसात बसायचो, प्रत्येकी एक पेग, मेसच्या मापाने मोजून, वर गोटी सोडा. दुसरा पेग कधी भरला नाही. ती पाठ करून बसायची, मी दोन वेगवेगळ्या बाटल्यांतून भरायचो, आणि कुठली कुठली ते तिने ओळखायचं. मग माझी पाळी. कँटीनची जिन तिला साधी, सरळ वाटायची. सांगलीच्या दुकानातली तिला आवडली नाही. “ही नुसती नटलीया,” म्हणायची. एका ट्रकवाल्याने गोव्याची आणून दिली, ती लय गोड निघाली. पुतण्या ज्ञानू नौदलात आहे, तो शिकायला रशियाला गेला होता, त्याने तिकडची व्होडका आणली. मला ती स्वच्छ वाटली, घशातून उतरताना कळतसुद्धा नव्हती. शालूबाईने दोन घोट घेतले आणि भांडं खाली ठेवलं. “हिला काय बोलायचंच न्हाई जनू. गप बसलेल्या मानसावानी. मला नगं.” यावर आमचा वाद व्हायचा. पलटणीत माझं मत कुणी विचारलं नाही आणि घरी तिचं कुणी विचारलं नाही, त्यामुळे दोघांनाही वाद घालायची हौस होती. तिचं बहुतेक वेळा चुकायचं, माझंही. पण ते दिवस चांगले गेले. तसे आधी कधी गेले नव्हते.

चार. पितळी फुलपात्रे. अर्जुनाची बायको सुलाबाई मळ्यातून अधूनमधून दूध घेऊन मागच्या दाराने यायची. काचेचा ग्लास आणि कापलेलं लिंबू दिसलं की तिला कळणार आणि सासूचं नाव गावभर होणार. म्हणून शालूबाईनेच युक्ती काढली. म्हणाली, फुलपात्रात घेऊ. जिन काय, व्होडका काय, पाण्यासारखीच दिसते. बघणाऱ्याला वाटेल म्हातारी पाणी पितीया. आमच्याकडची फुलपात्रं पितळी, कल्हई गेलेली, आणि कल्हईवाला बरेच दिवस फिरकला नव्हता.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात एक दिवस आम्ही जरा लवकर बसलो. जिन ओतली, प्रत्येकात अख्खं लिंबू पिळलं, तेवढ्यात पुढच्या दारी आप्पासाहेब. फुलपात्रांवर ताटल्या झाकल्या आणि मी पडवीत गेलो. आप्पासाहेब दारूबंदीच्या सभेची वर्गणी मागायला आले होते. ते बोलायला लागले की थांबत नाहीत. दारूने घरं कशी बुडतात ते त्यांनी मला सूर्य बुडेपर्यंत समजावलं. गेले तेव्हा आम्ही दोघांनी जाऊन ते फुलपात्रातलं घेतलं. चव जरा वेगळी लागली. शालूबाई म्हणाली, “लिंबू जून असंल.”

कल्हई नसलेल्या पितळेत ताक ठेवलं तर कळकतं आणि पोटाला बाधतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. जिन-लिंबू कळकेल हे मात्र दोघांच्याही डोक्यात आलं नाही. जिनला आम्ही कधी स्वयंपाकघरातली वस्तू मानलंच नव्हतं. घटकाभरात दोघेही ओकून आडवे झालो. सुलाबाईने बघितलं, अर्जुनाने जीप मागून आणली, आम्हाला सांगलीला दवाखान्यात नेलं. माझ्या तोंडाला वास येत होता. शालूबाईने आधीच पान चघळलं होतं. सुनेने विचारलं तेव्हा ती म्हणाली, “मला ताक बाधलं.” मी काही बोललो नाही. तिची अब्रू तिने सांभाळली, मी का मोडू?

पण त्यामुळे गावात गोष्ट अशी झाली: म्हातारीला ताक बाधलं आणि म्हाताऱ्याने हातभट्टीची ढोसली. डोकं गेलं त्याचं. पाडव्याला जोतीराम आला. मी म्हटलं, घर आईच्या नावावर करतो. तो हसला.

“आबा, तुमी कितीबी कागद करा. कोरटात आमी एवढंच इचारनार, म्हातारा शुद्धीत कवा हुता?”

“आन तुजी आई?”

“आईचं काय? सा म्हैनं माज्याकडं, सा म्हैनं अर्जुनाकडं. घर इकायचं ठरलंय.”

त्याने हे तिच्यासमोर सांगितलं. ती उठून चुलीकडे गेली.

सदर दोन्ही फुलपात्रे कल्हई करून सून सुलाबाई हिला द्यावीत. पाणी प्यायला उत्तम आहेत.

पाच. बाकी वस्तू. पेग मोजायचे माप, जे मेसमधून निघताना मला भेट मिळाले, ते ज्ञानूला. काचेचे ग्लास शालूबाईला. तिने ते पुढच्या पडवीत वापरावेत. लष्करी पेटी अर्जुनाला, ती त्याला लहानपणापासून हवी होती आणि मी दिली नाही. पदके जोतीरामला. बँकेत व टपालात जे असेल ते शालूबाईला. गोव्याची बाटली कुणालाही देऊ नये, झाडाला घालावी.

माझ्या दिवसकार्याला दोन्ही मुलांनी यावं. रडलं नाही तरी चालेल. आईला मात्र उचलून नेऊ नये.

सहा. साक्षीदारांबाबत. माझे सगळे जिवाभावाचे लोक दारूच्या परवान्याचे आहेत, त्यांची साक्ष कोर्टात टिकणार नाही. गावात ज्याला कुणी कधी प्यालेला म्हणू शकत नाही असा एकच माणूस आहे, आणि तो आप्पासाहेब आहे. मला त्यांच्याकडे जावं लागलं. मी गेलो. दुसरे साक्षीदार आष्ट्याचे डॉक्टर केशव लाटकर, ज्यांनी आज मला तपासले आहे.

सात. वरील मजकूर आज दुपारी पडवीत दोघांना वाचून दाखवला. त्यानंतर जे घडले तेही सही करण्याआधी इथे नोंदवतो, म्हणजे मागाहून कुणी काही वेगळे सांगायला नको.

आप्पासाहेबांनी कागद मागून घेतला आणि शालूबाईचा मजकूर पुन्हा वाचला. मग म्हणाले, “नाथाजीराव, तुमच्याविषयी काय लिहायचं ते लिहा. पण वहिनींचं नाव यातून काढा. उद्या हे कोर्टात वाचलं जाईल, सगळा तालुका ऐकेल. हा कागद फाडा, दुसरा लिहा. मी लगेच सही करतो.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. या माणसाविषयी मी इतकी वर्षं वाईट बोललो आहे, पण हे तो मनापासून म्हणाला.

डॉक्टर म्हणाले, “मग मला पितळेचं सांगता येणार नाही. दोघांनी एकाच वेळी, एकाच धातूच्या भांड्यातलं घेतलं आणि दोघे सारखेच आजारी पडले, तरच मी म्हणेन की दोष भांड्याचा. वहिनींना ताक बाधलं असेल तर तुम्हाला दारूच बाधली. मुलांचा वकील तेवढंच धरून बसेल.”

म्हणजे तिचं नाव राखावं तर घर जातं, आणि घर राखावं तर नाव जातं. मी कोरा कागद हातात घेतला. घराचं पुढे काहीही होवो, पण आमच्या संध्याकाळच्या बसण्यावर वकिलांनी हसावं हे मला सोसणार नव्हतं. माझा धीर संपला होता.

शालूबाई चुलीपासून उठून उंबऱ्यात आली. आप्पासाहेबांसमोर ती कधी येत नाही. म्हणाली,

“फाडू नगा.”

मी म्हटलं, “शालू, लोक काय म्हंतील?”

“म्हनू देत. आवं, आब्रू घिऊन मी कुनाच्या दारात बसू? सा म्हैनं ह्याच्या आन सा म्हैनं त्याच्या? तिथं मला आमटीचं मीठबी कुनी इचारत न्हाई.” मग आप्पासाहेबांकडे वळून म्हणाली, “भावजी, ताक बाधलं म्हनले ते मी खोटं बोलले. भ्याले हुते. आता कशाला भिऊ? ह्यांच्या माघारी मला कोन हाय? लिवा, मी पीत हुते म्हून. आन नवऱ्यानं पाजली आसं लिवू नगा. मला आवडत हुती.”

आप्पासाहेबांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं, टोपण उघडलं आणि माझ्या हातात दिलं.

तेव्हा शालूबाईच्या सांगण्यावरून शेवटचे लिहितो: माझी पत्नी शालूबाई ही तीन वर्षे रोज संध्याकाळी माझ्यासोबत बसून एक पेग घेत असे. कुणी बळजबरी केली नाही. तिला जिन आवडत होती, व्होडका नाही. कोर्टाने विचारल्यास ती स्वतः सांगेल.

मजकूर वाचला, समजला, बरोबर आहे. खाडाखोड नाही.

मुक्काम आष्टा, तारीख ११ डिसेंबर १९७६

(सही) नाथाजी धोंडीबा झांबरे

साक्षीदार:

१. (सही) डॉ. केशव लाटकर, आष्टा. लिहून देणारे शुद्धीवर आहेत.

२. (सही) आप्पासाहेब मगदूम, निवृत्त शिक्षक, आष्टा. शालूबाई बोलल्या तेव्हा मी हजर होतो. त्यांचे शब्द त्यांचेच आहेत. कोर्टात उभा राहून मी हे सांगेन.