नजातच्या नावाची शपथ

सुएझ, १४ जून १९८६

चि. इन्शिराह हिस अब्दुस्सत्तारदादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू, मी, आपली सगळी भावंडं, आपल्याच या भावाने, रजबने, सगळ्यांना सारखंच जाळलं आहे. मधुमेह झालेला माणूस चहात चार चमचे साखर घालतो, वर बसबूसाच्या पाकातल्या वड्यांचं ताट पुढ्यात ओढतो! डॉक्टर थकले, मी थकलो. शेवटी ईदच्या भर पंगतीत त्याच्या तोंडून वदवून घेतलं, की यापुढे गोड जिभेला लावलं तर बायकोला, नजातला, तलाक. टाळ्या पडल्या. नजात तेवढी ताटं उचलून आत गेली. आता बघ कसा वठणीवर येतो! तूही जरा बारीक हो, नाहीतर पुढची पाळी तुझी.

सर्वांवर आहे तशीच माया ठेव.
अब्दुस्सत्तार

दुमियात, २ नोव्हेंबर १९८६

ती. दादास सा. न. वि. वि.

रजबच्या उजव्या पायाचा अंगठा काल कापला.

आमच्यासमोर तो बिनसाखरेचा चहा काढ्यासारखा प्यायचा आणि आम्ही वाहवा करायचो. त्याच्या खुर्च्यांच्या कारखान्यात मात्र लाकडाच्या भुशामागे हलव्याचा डबा होता. डॉक्टरांनी विचारलं, तर अल्लाची शपथ, गोड खात नाही म्हणाला. खरं बोलावं तर संसार मोडतो! औषध त्या खोट्याच्या हिशेबाने मिळालं. जखमही लपवली. नजातला सगळं ठाऊक होतं. तीही त्याच भीतीने गप्प राहिली.

आता ती माहेरी गेली आहे. इथल्या मशिदीच्या शेखसाहेबांनी सांगितलं की धाकाची शपथ म्हणजे तलाक नव्हे, दहा गरिबांना जेवू घाला, सुटलात. तर ती म्हणाली, शपथ सुटली असेल, मी सुटले नाही. मी काय साखरेच्या डब्याचं झाकण होते?

तब्येत सांभाळ.
इन्शिराह

सुएझ, ७ नोव्हेंबर १९८६

चि. इन्शिराह हिस आशीर्वाद.

चूक शपथेची नाही, रजबच्या कमकुवत मनाची आहे. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी कुराण घेऊन येतो. या वेळी पोरांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावतो. धाकाशिवाय माणूस हलत नाही.

राग नसावा.
अब्दुस्सत्तार

दुमियात, १२ नोव्हेंबर १९८६

दादा,

धाकाने माणूस हलतो खरा, पण लपायला हलतो! मशिदीत मिंबरवरून प्रवचनं देऊन तू गाव पेटवतोस. सख्ख्या भावाला कधी विचारलंस, बाबा, तुला जगायचं कशासाठी? परवा मी विचारलं. तर म्हणाला, लेथसमोर उभं राहून खुर्चीचे पाय कातायचेत, बसून ते काम होत नाही. काल त्याने आपणहून डॉक्टरांना हलव्याच्या डब्याचं सांगितलं आणि भाकरी किती खाऊ म्हणून विचारलं. कुणी शाबासकी दिली नाही. त्यातलं किती टिकेल, अल्ला जाणे. पण ते त्याचं आहे. त्यावर तुझी शपथ लादू नकोस.

आणि नजात परत यायला तयार नाही. रजब रोज दाराकडे बघत बसतो. तिचं नाव पणाला लावायला तू लावलंस. मायेचं नंतर पाहू. त्या शुक्रवारी आमच्याकडे येण्याआधी नजातच्या माहेरी जा आणि चार माणसांसमोर तिची माफी माग.

इन्शिराह