आईच्या पोटरीचा एमआरआय

वलवण, ११ नोव्हेंबर २०२४

ती. आबांना चैतालीचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडायचा कंटाळा, म्हणून हे पत्र प्रितमच्या दुधाच्या टेम्पोतून धाडते आहे. आई इकडे बरी आहे, म्हणजे माझ्या स्वयंपाकाला नावे ठेवते आहे. पण पायाच्या अंगठ्याची जखम भरत नाही. डॉक्टर म्हणाले, पायाला रक्त पुरत नाही, चालताना पोटरी धरते ती त्यामुळेच. शीर कुठे बंद आहे ते पाहिल्याशिवाय उपाय नाही, आणि उशीर झाला तर पाय जाईल. तिच्या किडन्या नाजूक, म्हणून औषध न टोचता एमआरआयवर रक्तवाहिन्या बघायच्या आहेत. मिश्री बंद केली, त्याचाही राग माझ्यावरच.

खरी अडचण वेगळीच. त्या मशीनमध्ये मोठे लोहचुंबक असते, अंगावर धातू चालत नाही. मंगळसूत्र, जोडवी काढा म्हटल्यावर आई तडक उठून घरी आली. मालक जिता हाय तवर गळा मोकळा करायची न्हाई, पाय गेला तर जाऊ दे, म्हणाली. शुक्रवारची वेळ पुन्हा मागून घेतली आहे. आबा, मला फार भीती वाटते. तिला तुम्हीच सांगा.

आशीर्वाद असावा.
चैताली

बेडसे, १३ नोव्हेंबर

चि. सौ. चैताली हिस अनेक आशीर्वाद.

तुझी आई माझे ऐकते ही बातमी मला नवीन आहे. तरी तिला वाचून दाखव, की ज्याच्या नावाने मंगळसूत्र घालतेस तोच काढायला सांगतो आहे. पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधून सोबत दिले आहे. तुझ्या आजीचे मंगळसूत्र तुटले की गाठवून येईपर्यंत ती हेच घालायची, आणि आजोबा नव्वदी गाठून गेले. गाठ मी मारली आहे. भाताची झोडणी चालू आहे, पण एवढ्यानेही ऐकले नाही तर सगळे टाकून येतो. मला ती चालत घरी यायला हवी.

जावईबापूंना नमस्कार.
आबा

वलवण, १६ नोव्हेंबर

ती. आबांना शि. सा. न. वि. वि.

काल एमआरआय झाला. आईने तुमचे पत्र दोनदा वाचायला लावले आणि निमूट हळकुंड गळ्यात घातले. जोडवी साबण लावून निघाली. आत ठकठक फार, पण ती हलली नाही, त्यामुळे चित्रे स्वच्छ आली. शीर मांडीत बंद आहे, गुडघ्याखाली मोकळी आहे. फुगा घालून उघडता येईल, पाय वाचेल. मी तिथेच रडले.

मग डॉक्टर सांगू लागले, की चालताना पोटरी धरते, थांबले की सुटते, आणि लोक वय झाले म्हणून सोडून देतात. त्यावर आई म्हणाली, की मंग आमच्या मालकांनाबी ह्यात घाला, ते शेतावर जाताना बिडी पेटवायला थांबत न्हाईत, पोटरी धरती म्हून थांबत्यात. आबा, हे खरे आहे का? गुरुवारची वेळ तुमच्या नावाने घेतली आहे.

तुमची,
चैताली

बेडसे, १७ नोव्हेंबर

चि. सौ. चैताली हिस आशीर्वाद.

पाय वाचणार हे वाचून झोडणी थांबवली आणि सगळ्यांना चहा पाजला. खरे आहे. ती मागून चालते, तिला काय कळणार, असे मी धरून होतो. बुधवारी येतो. लोणावळा स्टेशनवर रिक्षा घेऊन ये, तुमच्या घरापर्यंत माझ्याने चालवत नाही.

लोभ आहेच.
आबा